मूळपुरुष

आमच्या गिरडात 'मूळपुरुष' हा शब्द कानी पडला की परगावच्या माणसास वाटते, एखाद्या जुन्या घराण्याच्या वंशावळीत सर्वांत वर बसलेला, पागोटे बांधलेला, सातबाऱ्यावर नसला तरी बंदोबस्ताच्या मिसलीत ज्याचे नाव धूळ झटकून वाचता येते, असा कोणी पूर्वज असावा; प्रत्यक्षात मात्र हा मूळपुरुष पंचेचाळिशीचा असून हयात आहे, बसथांब्यापासून हाकेच्या अंतरावर पंपाच्या मोटारी रिवाइंड करण्याचे दुकान चालवतो, आणि त्याला हे नाव पडण्याचे कारण इतकेच, की गेली आठ वर्षे तो आपला मोबाइल 'रूट' करावा की न करावा या एकाच प्रश्नाचा विचार करीत आहे. रूट म्हणजे मूळ, एवढे इंग्रजी आमच्या शाळेतल्या पोरांनाही येते. उरलेले काम गावाच्या वात्रट जिभेने केले.

त्याची पत्नी एरव्ही अबोल आहे, परंतु बोलली म्हणजे प्रकरणावर शेवटचा शेरा मारून दप्तर बांधायला सांगणाऱ्या मामलेदाराच्या थाटात बोलते. तिने या छंदाचे नाव 'मूळव्याध' असे ठेवले आहे. "बसू देत नाही, उठू देत नाही, अन् चारचौघात सांगता येत नाही, असं यायचं दुखणं हाये काकाजी," असे तिने मला एकदा सांगितले. यातले शेवटचे कलम वस्तुस्थितीस सोडून होते, कारण चारचौघांत सांगणे हेच या दुखण्याचे मुख्य लक्षण. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये असे वडीलधारे सांगत आले. त्यांच्या काळी मोबाइल असता तर त्याचाही समावेश त्यांनी या म्हणीत खात्रीने केला असता.

आता मी कोण, तर महसूल खात्यात उभा जन्म कारकुनी करून अव्वल कारकून या पदावरून निवृत्त झालेला एक म्हातारा. कोणतीही वस्तू दृष्टीस पडली की ती कोणाच्या नावे आहे, ताबा कोणाचा, आणि इतर हक्कांत बोजा कोणता, हे पाहिल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडत नाही. आणि याच खोडीमुळे मी मूळपुरुषाच्या तावडीत सापडलो. रूट म्हणजे काय हे त्याने मला प्रथम समजावून दिले, ते एका जळालेल्या पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीच्या पोटातून छिन्नीने तांबे काढता काढता. हाताला काळा वार्निश लागलेला, कानावर पेन्सिल, आणि शेजारी स्वच्छ फडक्यावर, नवजात अर्भक ठेवावे तसा, तो वादग्रस्त मोबाइल.

त्याच्या निवेदनाचा मथितार्थ असा, की ज्या अँड्रॉइड प्रणालीवर हे फोन चालतात ती लिनक्स नावाच्या प्रणालीच्या गाभ्यावर उभी आहे, आणि त्या घराण्याची जुनी रीत अशी, की यंत्राचा वापर करणाऱ्या प्रत्येकास एक क्रमांक मिळतो व त्यांतला शून्य क्रमांक ज्याचा, तो 'रूट'. त्याला कोणतीही फाइल वाचता येते, पुसता येते, बदलता येते. त्यास अडवणारा कोणी नाही. आपण पैसे मोजून फोन घेतो तेव्हा मात्र आपल्या पदरात दुसरेच क्रमांक पडतात आणि शून्य क्रमांकाकडे जाणारा दरवाजा कंपनी बंद ठेवते. "पैसे आपले, रिचार्ज आपला, पडून काच फुटली तर रडनंही आपलं, अन् मालक कोन? तर शून्य नंबर. अन् तो आपल्यापाशी नाही!" एवढे बोलून त्याने छिन्नीवर असा घाव घातला, जणू तांब्याचा झुपका म्हणजे कंपनीचेच मूळ असावे.

मला मात्र हे प्रकरण ओळखीचे वाटले. आमचा हा मुलूख जुन्या मध्यप्रांतातला. येथे गावाचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी घेणारा मालगुजार हाच गावाचा मालक गणला जाई, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच रान कसणारा मनुष्य कूळ म्हणून राही. कोणत्या झाडावर कोणाचा हक्क, तळ्याचे पाणी कोणी घ्यायचे, असल्या रीतिभातींची नोंद 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या कागदात केलेली असे, आणि तो कागद कुळाने सहसा वाचलेला नसे. मोबाइल सुरू करताना 'मला मान्य आहे' या चौकटीवर आपण जे बोट ठेवतो, ते याच कागदावरचे अंगठ्याचे निशाण. १९५० साली कायदा झाला, ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. तरीसुद्धा सातबाऱ्यावर आजही भोगवटादार वर्ग एक आणि वर्ग दोन असा भेद आहे: वर्ग एकचा मनुष्य आपल्या जमिनीचा धनी, वर्ग दोनच्या माणसाचे नाव कागदावर, नांगर रानात, पीक घरात, पण जमीन विकायची म्हटली की सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी. मी त्याला म्हटले, "बाबा, तुझा फोन वर्ग दोनचा आहे, आणि रूट करणे म्हणजे परवानगीची वाट न पाहता तो वर्ग एक करून घेणे." हे ऐकून त्याचा हात हवेतच थांबला. त्या दिवसापासून हा दृष्टान्त तो पानठेल्यावर, चहाच्या टपरीवर आणि हिंगणघाटच्या बसमध्ये स्वतःचा म्हणून सांगतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. दृष्टान्तावर वहिवाटीचा हक्क लवकर लागतो.

वर्धा जिल्ह्याला हा तंटा तसा नवीन नव्हे. सेवाग्रामच्या आश्रमात एक जुना टेलिफोन जतन करून ठेवलेला आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावे म्हणून तो तेथे बसवण्यात आला होता. फोन कुटीच्या आवारात आणि त्याचा शून्य क्रमांक दिल्लीच्या तख्ताकडे, अशी ती व्यवस्था होती. मूळपुरुष तो पाहून आला तेव्हा मी मोठ्या अपेक्षेने विचारले, काय वाटले? "यंत्र मजबूत हाये," तो म्हणाला, "पण स्टोरेज नाही."

त्याच्या संगतीचा पहिला प्रसाद मला माझ्याच ओट्यावर मिळाला. माझा फोन हाती घेऊन त्याने 'फोनविषयी' हे सदर उघडले, 'बिल्ड नंबर' अशा एका निरुपद्रवी ओळीवर माझे बोट ठेवले आणि सात वेळा टिचकी मारायला सांगितले. तीन टिचक्या झाल्यावर फोनने बजावले, की आणखी चार उरल्या. सप्तपदीच्या पावलांप्रमाणे मी त्या मोजून पुऱ्या केल्या, आणि खाली अक्षरे उमटली, की आता आपण 'डेव्हलपर' झाला आहात. खात्यात मला पहिली बढती मिळायला एकोणीस वर्षे लागली होती. येथे सात टिचक्यांत काम झाले. बढतीबरोबर पगार वाढला नाही, हा मात्र दोन्हीकडचा सारखाच अनुभव.

मूळपुरुषाचा सगळा विचार एका लाल बहीत आहे. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर नावे, अशी ती किर्दीच्या पद्धतीची बही असून आठ वर्षांत तिची शिवण दोनदा नवी झाली. जमेच्या बाजूस पहिली नोंद आहे ती जन्मजात ॲपांची. १६ जीबीची म्हणून घेतलेल्या जागेत कंपनीने स्वतःची बिऱ्हाडे आधीच थाटून ठेवलेली. ती वापरायची नाहीत, काढायची म्हटली तर काढता येत नाहीत, पोटकुळासारखी ठाण मांडून बसलेली. आणि शेतातल्या कपाशीचा फोटो काढायला जावे, तर जागा शिल्लक नाही असा कोरडा निरोप. दुसरी नोंद अशी, की कंपनीने ज्या जुन्या फोनाकडे पाठ फिरवली त्यावरही बाहेरची प्रणाली, जिला रूट करणारी मंडळी 'कस्टम रॉम' म्हणतात, घालता येते, आणि फोन पुन्हा चालता होतो. सायनोजेनमॉड नावाची अशी एक नामांकित प्रणाली होती. २०१६ च्या अखेरीस ती बंद पडली, आणि तिचीच परंपरा पुढे चालवण्यास लिनिएज ओएस उभी राहिली. लिनिएज म्हणजे वंशावळ, हे मी त्याला सांगितले तेव्हा मूळपुरुषाच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरले, ते एखाद्याला आपले कुलदैवत सापडल्यावर पसरावे तसे होते.

नावेच्या बाजूची नोंद वॉरंटीपासून सुरू होते. वॉरंटी संपून सहा वर्षे झाली तरी ती नोंद त्याने खोडलेली नाही; तत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणतो. तिच्याखाली सॅमसंगच्या नॉक्सची हकीकत आहे. त्या कंपनीच्या बऱ्याच फोनांत असा बंदोबस्त आहे, की अनधिकृत प्रणाली आत शिरली की आतला एक सूक्ष्म फ्यूज उडतो, शून्याचा एक होतो, आणि मागाहून कंपनीचीच प्रणाली सन्मानाने परत आणून बसवली तरी त्या एकाचा पुन्हा शून्य होत नाही. मूळपुरुषाचा फोन त्या कंपनीचा नव्हे. तरी ही नोंद त्याने दोनदा अधोरेखित केली आहे, कारण मोटारवाल्याच्या धर्मबुद्धीस ती फार लागली. "फ्यूज उडाला तर तार बांधता येते काकाजी. हा कोन्ता फ्यूज, जो उडाल्यावर कायमचा उडाला?" त्यानंतर येते बँक. रूट केलेला फोन ओळखून बँकांची पुष्कळ ॲपे दार लावून घेतात. ती ओळख लपवण्यासाठी मॅजिस्क नावाचे साधन २०१६ साली निघाले. लपलेल्यास हुडकण्यासाठी गूगलने आधी सेफ्टीनेट आणि नंतर प्ले इंटेग्रिटी अशी कोतवाली बसवली. आणि हा चोरशिपायाचा खेळ चालू असेपर्यंत आपला निर्णय तहकूब ठेवणे हेच शहाणपणाचे, असा शेरा त्याने चार निरनिराळ्या तारखांना चार निरनिराळ्या शाईंत मारला आहे.

मधल्या पानांवर जमेतही नाहीत आणि नावेही नाहीत अशा गोष्टी आहेत, आणि त्या मला बहीतला सर्वांत वाचनीय भाग वाटतात. २००८ साली पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला तेव्हा त्यात असा एक घोळ राहून गेला होता, की कळफलकावर जे काही टंकाल ते, दिसायला संदेशात जाई, परंतु पडद्यामागे हुकूम म्हणून खुद्द शून्य क्रमांकाच्या कचेरीतही रुजू होई. एका गृहस्थाने गप्पांच्या ओघात 'रीबूट' हा शब्द टंकला आणि फोनने तो हुकूम शिरसावंद्य मानून स्वतःस बंद करून पुन्हा सुरू केले. "तवाच घ्या लागत होता फोन," असे मूळपुरुष ही कथा सांगून दर वेळी उसासा टाकतो. दुसरी नोंद अमेरिकेची: २०१० साली तेथे फोनाचे असले कुलूप मालकाने तोडले तर तो कायदेभंग मानू नये, अशी सूट मिळाली, आणि ती देणारा अधिकारी होता त्यांच्या संसदेच्या ग्रंथालयाचा ग्रंथपाल. आमच्याकडच्या ग्रंथपालाचा अधिकार पुस्तक उशिरा आणल्याबद्दल दंड करण्यापुरता. तिकडचा ग्रंथपाल मालगुजारी मोडतो, हे ऐकून मला आमच्या खात्याची प्रथमच कीव आली.

आणि बहीच्या शेवटच्या पानावर, तांबड्या शाईत, चौकटीत, एकच शब्द लिहिलेला आहे: 'ब्रिक'.

ब्रिक म्हणजे वीट. रूट करण्याच्या क्रियेत एखादे पाऊल चुकले, फाइल भलत्याच मॉडेलची निघाली, अथवा मध्येच केबल हलली, तर फोन कधी कधी असा गारठतो, की पुन्हा उजेड दाखवीत नाही. त्या अवस्थेस जगभर वीट म्हणतात. इतरांनी ते खुशाल म्हणावे. गिरडच्या माणसाला वस्तूचा दगड होण्याची गोष्ट कोणी नव्याने सांगायला नको. वर्ध्याच्या आग्नेयेस सुमारे ६० किलोमीटरांवर, समुद्राचा टिपूसही नसलेल्या आमच्या समुद्रपूर तालुक्यात, गावाला लागून जी टेकडी आहे तिच्यावर ख्वाजा शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. बाबा सुमारे १२४४ साली येथे आले असे जुन्या गॅझेटियरात लिहिले आहे, आणि नवस बोलायला व फेडायला हिंदू-मुसलमान सारख्याच श्रद्धेने ती चढण चढतात. त्या टेकडीवर गोलगोल खडे सापडतात. दोन फिरस्त्या व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली, बाबांच्या बोलाने त्यांचा सगळा माल, नारळासकट, दगड झाला. ते गयावया करू लागले तेव्हा बाबांनी सुक्या पाल्यापासून तेवढाच माल पुन्हा निर्माण करून दिला, आणि ते व्यापारी जन्मभर बाबांच्याच सेवेत राहिले, अशी ती कथा. भूगर्भशास्त्रज्ञ म्हणतात, लाव्हारसाच्या काळ्या पाषाणात वायूच्या बुडबुड्यांनी ज्या पोकळ्या राहिल्या त्यांत झिओलाइटची जातकुळी साठून हे गोटे झाले. परंतु शास्त्रज्ञ आणि आजी यांच्यात तंटा लागला, तर आमच्या गावात निकाल आजीच्या बाजूने कायम होतो. मूळपुरुषाच्या आजीने असा एक सुपारीएवढा खडा देवघराच्या कोनाड्यात ठेवलेला आहे. लहानपणापासून तो पाहत वाढलेला मनुष्य 'ब्रिक' हा शब्द वाचून आठ वर्षे थबकला, तर त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार पुण्या-मुंबईच्या लोकांना नाही.

शिवाय तो भित्रा नाहीच. दुसऱ्याची मोटार तो क्षणाचाही विचार न करता उघडतो. शेतकरी दारात मोटार उतरवून बैलगाडी वळवतो न वळवतो तोच हा कान लावून सांगतो, की बेअरिंग गेले, आणि पाना फिरवू लागतो. दुसऱ्याच्या मोबाइलच्या बाबतीतही त्याचा सल्ला असाच तडकाफडकी असतो. त्याच्या सल्ल्याने या पंचक्रोशीत कितीतरी पोरांनी आपले फोन रूट केले. कोणाचे उत्तम चालले, कोणाचा कॅमेरा आंधळा झाला, एकाच्या फोनवर बोललेले पलीकडच्याला पाण्यातून ऐकल्यासारखे ऐकू येई. प्रत्येक निकालाची त्याने बहीत नोंद घेतली आणि प्रत्येक वेळी 'अधिक पुरावा आवश्यक' असे लिहिले. या जातीची माणसे आपल्याला सर्वत्र भेटतात. दहा वर्षे बैलजोडी विकून ट्रॅक्टर घेणार असलेला, घराचा नकाशा सहाव्यांदा बदलून घेणारा, प्रत्येक मुलीचे स्थळ पाहून आल्यावर मुलीपेक्षा स्वतःच्या पसंतीचाच अधिक विचार करणारा. पण या सर्वांना कधी ना कधी परिस्थिती ढकलून कडेला नेते. मूळपुरुषाला ढकलणारे कोणी नव्हते, कारण त्याचा फोन कुरकुरत का होईना, चालत होता.

त्यातच शासनाने त्याच्या तहकुबीला अधिकृत स्वरूप दिले. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, म्हणजे पूर्वी जे काम तलाठी बांधावर न जाता करी, ते आता शेतकऱ्याने बांधावर जाऊन करावयाचे: शेतात उभे राहायचे, ॲप उघडायचे, पिकाचा फोटो काढायचा, आणि आपली कपाशी कपाशीच आहे असे सरकारास पटवायचे. एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद होऊ शकते, हे कळल्यावर आळीतले म्हातारे मूळपुरुषाच्या दारात रांग लावू लागले. खरिपात फोन गावाच्या सेवेत, तेव्हा रूट करणे शक्य नाही. रब्बीत पुन्हा तेच. मध्ये दिवाळी, कारण फोटो. मग लग्नसराई, कारण पत्रिका हल्ली फोनवर येतात. पितृपक्षात नवे काम नको, अधिक महिन्यात तर नकोच. आणि या सर्वांतून वाट काढून एकदा मोकळा आठवडा मिळाला, तर नेमका मोटारी जळण्याचा मोसम. मी हिशेब करून पाहिला, या पंचांगाप्रमाणे रूट करण्यास योग्य असा मुहूर्त वर्षातून अडीच दिवस येतो, आणि ते अडीच दिवस तो विचारात घालवतो.

मात्र गेल्या दिवाळीनंतर, त्याला काय झाले देव जाणे, त्याने संकल्प सोडला. शून्य क्रमांकाकडे जाणाऱ्या दरवाजाचे, म्हणजे बूटलोडरचे, कुलूप उघडण्याची परवानगी मागणारा अर्ज त्याने कंपनीकडे रीतसर दाखल केला, आणि कंपनीने उत्तर दिले, की १६८ तासांनंतर या. मला या उत्तराचे मुळीच नवल वाटले नाही. आमच्याकडे फेरफार धरला की हरकती मागवण्यासाठी पंधरा दिवसांची नोटीस लागते. कंपनीने तेच काम सात दिवसांत भागवले, हा एक फरक. दुसरा फरक हा, की येथे हरकती खरोखरच आल्या. दुसऱ्या दिवशी नंदोरीहून त्याचे मेव्हणे आले. त्यांच्या हळदीच्या हिशेबाचे सगळे फोटो याच फोनात होते. (वायगावची हळद आता भौगोलिक मानांकनाची झाली आहे, तेव्हा फोटो गेले तर मान कोणाची जाणार, असा त्यांचा सवाल.) तिसऱ्या दिवशी आळीतले तीन खातेदार. चौथ्या दिवशी खुद्द पत्नी उभी राहिली. तिच्या बचत गटाचे पैसे यूपीआयने ज्या खात्यात येत, ते खाते या फोनाशी बांधलेले.

"रूट करा नाहीतर बूट करा," ती म्हणाली, "आधी गटातल्या दहाही बायांच्या सह्या आना."

सह्या आणण्याऐवजी त्याने कायदेशीर तोड काढली. खऱ्या फोनला हात लावण्यापूर्वी रंगीत तालीम करावी. आणि तालमीसाठी ड्रॉवरमध्ये त्याच कंपनीचा, त्याच्या आधीचा, काच तडकलेला परंतु प्रकृतीने ठणठणीत असा जुना फोन पडलेलाच होता. त्याचे कुलूप त्याने चार वर्षांपूर्वीच उघडून ठेवले होते आणि तेथेच थांबला होता, ही गोष्ट मला त्या रात्री कळली.

रात्री दुकानाचे शटर अर्धे खाली ओढून आम्ही बसलो. भाच्याचा लॅपटॉप, आणि रबर गुंडाळून एका विशिष्ट कोनात धरली तरच चालणारी केबल. ती धरण्याचे काम माझ्याकडे. फोनवर कानटोपी घातलेला एक ससा अवतरला, हातात पाना घेऊन यंत्रमानव दुरुस्त करणारा. त्याला पाहून मूळपुरुषाला व्यवसायबंधू भेटल्यासारखे वाटले असावे, कारण तो प्रथमच हसला. मग त्याने फाइल चढवली. ती निवडतानाही आठ वर्षांचा सावधपणा त्याने पणास लावला होता: नव्या आवृत्तीत दोष असतात, जुनी अनुभवाने सिद्ध झालेली, म्हणून त्याने मुद्दाम मागच्या सालची आवृत्ती घेतली. लॅपटॉपवर काळ्या चौकटीत पांढरी अक्षरे वर सरकत होती, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी 'ओके' आला की तो मान डोलवी. सर्व ओके झाले. फोन बंद झाला, पुन्हा सुरू होण्यासाठी. आणि सुरू झाला नाही.

त्याने कळ दहा सेकंद दाबली, मग वीस, मग दोन्ही कळा. चार्जर लावला, चार्जर बदलला, पिन फुंकरीने साफ केली. शेवटी, मोटारीला कान लावून बेअरिंग ओळखणाऱ्या त्या माणसाने फोन उचलून कानाशी धरला, आणि डोळे मिटून बराच वेळ तसाच बसून राहिला. आत फिरणारे असे काही नव्हतेच. मी केबल अजून त्याच कोनात धरून होतो.

कारण पुढे हिंगणघाटच्या एका दुरुस्तीवाल्याकडून कळले. काही फोनांत शेवटची आवृत्ती कोणती आली याचा अंक आत कायमचा कोरला जातो, आणि त्याहून मागची आवृत्ती घालू गेले की फोन प्राण सोडतो. मंजूर झालेला फेरफार मागल्या तारखेने रद्द करू नये, हे तत्त्व मी आयुष्यभर पक्षकारांना सांगत आलो. ते फोनलाही ठाऊक असेल असे वाटले नव्हते. बोर्ड बदलण्याचा खर्च त्याने फोनाच्या किमतीहून अधिक सांगितला. मूळपुरुषाने तो फोन रुमालात बांधून घरी आणला आणि, कोणी पाहत नाहीसे पाहून, देवघराच्या कोनाड्यात आजीच्या खड्याशेजारी ठेवून दिला.

तेथे तो तीन महिने निर्वेध राहिला. फाल्गुन उजाडल्यावर एका सकाळी काही कामाने मी त्याच्याकडे गेलो, तो ही मंडळी स्लॅबवर वाळवण घालण्यात गुंतलेली. जुने लुगडे अंथरलेले, त्यावर मुंगवड्यांच्या ओळी, आणि वाऱ्याने लुगडे उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर वजने: तीन कोपऱ्यांवर शेतातले काळे गोटे आणि चौथ्यावर, तडकलेली काच खाली करून, तो फोन. मूळपुरुष उकिडवा बसून त्याकडे पाहत होता.

"आवो, देवापाशी ठेवला होता मी तो," तो क्षीण आवाजात म्हणाला.

"बाबाच्या बोलानं झाला तो दगड देवापाशी राहीन," मान वर न करता तिने निकाल दिला, "तुमच्या हातानं झाला तो इथंच राहू द्या. चवथा गोटा भेटतच नव्हता."

यावर अपील नव्हते. वारा आला, लुगड्याच्या कडा फडफडल्या, चारही कोपरे जागच्या जागी राहिले. मूळपुरुषाने ते निरखून पाहिले, उठून खाली गेला, लाल बही घेऊन वर आला, कानावरची पेन्सिल काढून जिभेला लावली, आणि दोन्ही पाने उघडी धरून मला विचारता झाला, "काकाजी, हे जमेत धरा लागते, का नावे?"